डॉ. होमी भाभा : अणुभट्टीचा तिसरा उपयोग

अणुभट्टी कशासाठी असते असं वर्गात विचारून बघा. मुलं सांगतील, वीज आणि बॉम्ब. तिचा तिसरा उपयोग मात्र डॉ. भाभांचा पाठ शिकवताना राहूनच जातो.

होमी जहांगीर भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत झाला. केंब्रिजला ते गेले इंजिनिअर व्हायला, पण मन रमलं भौतिकशास्त्रात. वडिलांनी अट घातली : आधी इंजिनिअरिंगमध्ये पहिला वर्ग, मग भौतिकशास्त्र. त्यांनी ती पुरी केली. १९३९ मध्ये सुट्टीवर भारतात आले आणि महायुद्धामुळे इथेच राहिले. १९४५ मध्ये त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी केली.

४ ऑगस्ट १९५६ रोजी ट्रॉम्बे इथे 'अप्सरा' ही भारतातील पहिली अणुभट्टी सुरू झाली. इंधन ब्रिटनचं होतं, पण आराखडा आणि बांधणी आपल्या माणसांची. १९६० मध्ये कॅनडाच्या मदतीने 'सायरस' सुरू झाली. कॅनडात ब्रॉकहाउस यांच्याकडे शिकून आलेले पी. के. अय्यंगार आणि त्यांचे सहकारी यांनी भट्टीतून निघणाऱ्या न्यूट्रॉनवर प्रयोग करायची उपकरणं ट्रॉम्बेतच बनवली.

हे न्यूट्रॉन करतात काय? आपल्या कबनूर-इचलकरंजीच्या मुलांना मागावरच्या कापडाचं उदाहरण द्या. समजा, एक धागा लाल, पुढचा निळा, पुन्हा लाल. रंग न दिसणाऱ्याला सगळे धागे सारखेच. त्याच्या लेखी नक्षी दर धाग्याला परत येते. रंग दिसणाऱ्याला ती दर दोन धाग्यांनी परत येते. साध्या क्ष-किरण प्रयोगात अणूंच्या जागा, म्हणजे धागे दिसतात. न्यूट्रॉन स्वतःच एक बारीकसा चुंबक असल्यामुळे त्याला 'रंग'ही कळतो, म्हणजे कोणत्या अणूचा चुंबक वर आणि कोणाचा खाली. नक्षी दुप्पट लांबीची असेल, तर आलेखात जादा शिखरं उमटतात. १९४९ मध्ये अमेरिकेत शल आणि स्मार्ट यांनी मँगनीज ऑक्साइडमध्ये हेच दाखवलं.

भट्टीत जळणाऱ्या युरेनियमच्या संयुगांची चुंबकीय रचनाही अशीच शोधतात. युरेनियम, रुथेनियम आणि सिलिकॉन यांचं एक संयुग उणे २५५ अंश सेल्सिअसच्या आसपास अचानक बदलतं. पण न्यूट्रॉनला तिथे दिसणारं चुंबकत्व इतकं क्षीण आहे, की एवढा मोठा बदल त्याने होणं शक्य नाही. मग आत बदलतं काय? १९८५ च्या सुमारास पडलेल्या या प्रश्नावर शास्त्रज्ञांचं आजही एकमत नाही.

भाभांना हे कोडं बघायला मिळालं नाही. २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ पर्वतावर झालेल्या विमान अपघातात, वयाच्या ५६ व्या वर्षी ते गेले. पुढच्या वर्षी ट्रॉम्बेच्या केंद्राला त्यांचं नाव दिलं गेलं. तिथेच १९८५ मध्ये 'ध्रुव' अणुभट्टी सुरू झाली आणि न्यूट्रॉनचे प्रयोग पुढे चालू राहिले.

तेव्हा पाठ संपला की मुलांना चौकटीची वही आणि दोन रंगीत पेन्सिली द्या. एकआड एक रंग भरू द्या आणि विचारा, नक्षी किती घरांनी परत आली?