मेरी स्टुअर्ट

मेरी स्टुअर्ट (जन्म : ८ डिसेंबर १५४२, लिनलिथगो, स्कॉटलंड, मृत्यू : ८ फेब्रुवारी १५८७, फॉदरिंगे, इंग्लंड) ही स्कॉटलंडची राणी होती. काही काळ ती फ्रान्सचीही राणी होती. तिचे तीन विवाह, तिने गमावलेले सिंहासन आणि इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीशी असलेले तिचे वैर यांवर विपुल लेखन झाले आहे. त्या मानाने तिचा आयुष्यभराचा छंद, म्हणजे भरतकाम, उपेक्षित राहिला. तिच्या सुमारे १९ वर्षांच्या कैदेतील दैनंदिन जीवनाचा सर्वांत बोलका पुरावा मात्र या भरतकामातच सापडतो.

बालपण व फ्रान्समधील वास्तव्य

मेरी सहा दिवसांची असताना तिचे वडील, स्कॉटलंडचे राजे पाचवे जेम्स, मरण पावले आणि तान्ह्या मुलीकडे राज्य आले. इंग्लंडच्या आक्रमणापासून तिचे रक्षण व्हावे म्हणून १५४८ मध्ये तिला फ्रान्सला पाठवण्यात आले. तेथील राजकुलात राजकन्यांना भाषा, संगीत आणि नृत्य यांबरोबर सुईकामही शिकवले जाई. तिची भावी सासू कॅथरिन द मेदिची स्वतः सुईकामात निपुण होती. भरतकाम हे त्या काळी केवळ वेळ घालवण्याचे साधन नव्हते, तर ते कुलीन स्त्रीच्या शिक्षणाचे अंग मानले जाई. एलिझाबेथनेही वयाच्या अकराव्या वर्षी आपल्या सावत्र आईसाठी एका हस्तलिखिताचे वेष्टन भरून दिले होते. पुढे वैरी झालेल्या या दोघी बहिणींच्या हाती लहानपणी एकच विद्या आली होती.

१५५८ मध्ये मेरीचा विवाह युवराज फ्रान्सिसशी झाला. पुढच्या वर्षी तो राजा झाला आणि डिसेंबर १५६० मध्ये निवर्तला. अठराव्या वर्षी विधवा झालेली मेरी ऑगस्ट १५६१ मध्ये स्कॉटलंडला परतली.

राज्यकाल

मायदेशी परतलेली ही कॅथलिक राणी प्रॉटेस्टंट सरदारांच्या राज्यात एकाकी होती. मंत्रिमंडळाच्या बैठकीत ती शिवणकाम हाती घेऊन बसे आणि सुई चालवता चालवता चर्चा ऐके, असे तत्कालीन इंग्रज दूताने कळवले आहे. यावरून तिचे राज्यकारभाराकडे लक्ष नव्हते असा निष्कर्ष काढणे योग्य नाही. हात गुंतलेला असताना कान मोकळे असतात, हे कोणत्याही भरतकाम करणाऱ्या स्त्रीस ठाऊक असते.

पुढील घटना वेगाने घडल्या. १५६५ मध्ये तिने हेन्री डार्न्लीशी विवाह केला. मार्च १५६६ मध्ये तिचा सचिव रिझिओ याची तिच्या डोळ्यांदेखत हत्या झाली. त्याच वर्षी जूनमध्ये तिचा पुत्र जेम्स जन्मला. फेब्रुवारी १५६७ मध्ये डार्न्लीचा खून झाला आणि मे महिन्यात तिने या खुनाचा संशय असलेल्या बॉथवेलशी लग्न केले. सरदारांनी बंड करून तिला लॉक लेव्हन या तळ्यातील किल्ल्यात कोंडले आणि जुलैमध्ये तिला पदत्याग करण्यास भाग पाडले. त्या किल्ल्यातूनही तिने नक्षी रेखाटून देणारा कारागीर मिळावा अशी मागणी केली होती. मे १५६८ मध्ये ती तेथून निसटली, परंतु लँगसाइडच्या लढाईत पराभूत झाली आणि एलिझाबेथकडून साहाय्य मिळेल या आशेने इंग्लंडमध्ये गेली. तेथे तिच्या वाट्याला आली ती कैद.

कैदेतील भरतकाम

फेब्रुवारी १५६९ मध्ये मेरीला टटबरी या ओलसर, थंड किल्ल्यात अर्ल ऑफ श्रूझबरी याच्या ताब्यात देण्यात आले. त्या पहिल्याच महिन्यात भेटीस आलेल्या निकोलस व्हाइट या अधिकाऱ्याने तिला, पावसाळी हवेत बाहेर जाता येत नसताना वेळ कसा जातो, असे विचारले. दिवसभर आपण सुईकाम करतो, रंगांच्या वैविध्यामुळे काम कंटाळवाणे वाटत नाही आणि अंग दुखू लागले म्हणजेच हात थांबतो, अशा आशयाचे उत्तर तिने दिले. पुढे संधिवाताने तिला जर्जर केले, तरी हे काम सुटले नाही.

अर्लची पत्नी एलिझाबेथ, जी इतिहासात बेस ऑफ हार्डविक म्हणून ओळखली जाते, हीदेखील भरतकामाची जाणकार होती. कैदी राणी व तिच्या पहारेकऱ्याची पत्नी आरंभीची काही वर्षे एकत्र बसून भरत असत. मेरी सेटन ही राणीची बालपणापासूनची सखीही त्यांच्यात असे. कालांतराने बेस व राणी यांच्यात वितुष्ट आले.

त्यांच्या कामाची पद्धत आजही सहज समजण्यासारखी आहे. लिननच्या जाळीदार कापडावर रेखाटलेले चित्र रंगीत रेशमाने, फुलीच्या किंवा अर्ध्या फुलीच्या तिरक्या टाक्याने भरले जाई. मॅटीच्या कापडावर टाके मोजत भरणाऱ्यांना हे तंत्र परिचितच आहे. लहान लहान चौकोनी, अष्टकोनी किंवा क्रूसाच्या आकाराचे तुकडे सुटे भरून नंतर मखमलीवर जोडले जात. बैठे जीवन जगणाऱ्या आणि एका वाड्यातून दुसऱ्या वाड्यात वारंवार हलवल्या जाणाऱ्या कैद्यास असे सुटे तुकडे सोयीचेच होते.

चित्रे मुद्रित ग्रंथांतून घेतली जात. कॉन्राड गेस्नर या स्विस पंडिताच्या प्राणिविषयक ग्रंथातील काष्ठचित्रे दोघींच्या विशेष आवडीची होती. त्यांच्या तुकड्यांत मासे, फिनिक्स आणि अमेरिकेतील टूकन पक्षीही आढळतो. यांतील मांजराचे चित्र सर्वाधिक प्रसिद्ध आहे. मेरीने हे मांजर तांबूस रंगात भरले आणि गेस्नरच्या मूळ चित्रात नसलेला उंदीर त्यात घातला. एलिझाबेथचे केस तांबूस असल्यामुळे मांजर म्हणजे ती आणि उंदीर म्हणजे मेरी, असा अर्थ अभ्यासक लावतात. तो पटण्याजोगा आहे, पण मेरीने स्वतः तसे लिहून ठेवलेले नाही. डॉल्फिनचे चित्र मात्र तिच्या पहिल्या पतीची आठवण असावे, कारण फ्रेंचमध्ये युवराजासाठी आणि या जलचरासाठी एकच शब्द आहे.

उशी आणि वस्त्र

मेरीच्या सुईकामाने एकदा प्रत्यक्ष राजकारणात प्रवेश केला. तिच्याशी विवाह करू इच्छिणारा ड्यूक ऑफ नॉरफोक याला तिने एक उशी पाठवली. आकाशातून आलेला हात कोयतीने द्राक्षवेलीची निष्फळ फांदी छाटत आहे, असे दृश्य तिच्यावर होते आणि जखमेतून शौर्य बहरते अशा अर्थाचे लॅटिन बोधवाक्य भरलेले होते. अपत्यहीन एलिझाबेथ म्हणजे निष्फळ फांदी, हे समजण्यास फारसे पांडित्य लागत नव्हते. नॉरफोकवर राजद्रोहाचा खटला चालला तेव्हा या उशीचाही उल्लेख पुराव्यात झाला. २ जून १५७२ रोजी त्याचा शिरच्छेद करण्यात आला.

यानंतर दोनच वर्षांनी मेरीने एलिझाबेथसाठी तांबड्या सॅटिनचा घागरा स्वतः भरला. त्यासाठी लागणारे सॅटिन आणि रुपेरी जर तिने लंडनमधील फ्रेंच राजदूतामार्फत मागवली. मे १५७४ मध्ये त्यानेच ही भेट एलिझाबेथला सादर केली. ती तिला आवडली, पण मेरीची सुटका झाली नाही. दोघींची प्रत्यक्ष भेट तर कधीच झाली नाही.

अखेर

१५८५ पासून तिच्यावरील पहारा अधिक कडक झाला. १५८६ मध्ये एलिझाबेथच्या हत्येच्या बॅबिंग्टन कटात सहभागी असल्याचा आरोप ठेवून तिच्यावर खटला चालवण्यात आला. त्याच वर्षी तिच्या सामानाची यादी करण्यात आली. तीत भरलेली फुले, पक्षी, चतुष्पाद प्राणी आणि मासे यांच्या अनेक तुकड्यांची नोंद आहे. त्यांतील काही कापून वेगळे केलेले होते, काही तसेच होते. ८ फेब्रुवारी १५८७ रोजी फॉदरिंगे येथे तिचा शिरच्छेद झाला. प्रथम पीटरबरो येथे दफन केलेला तिचा देह, पुढे इंग्लंडचा राजा झालेल्या तिच्या मुलाने १६१२ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबेत हलवला.

उपलब्ध नमुने

मेरी व बेस यांच्या भरतकामाचा सर्वांत मोठा संच नॉरफोक परगण्यातील ऑक्सबरा हॉल येथे असून तो ऑक्सबरा पडदे या नावाने ओळखला जातो. हिरव्या मखमलीवर जोडलेल्या या तुकड्यांची मालकी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडे आहे. छाटलेल्या वेलीचे चित्र यांपैकी एका पडद्याच्या मध्यभागी पाहता येते. मांजराचा तुकडा एडिंबरा येथील होलीरूड राजवाड्यात आहे. ब्रिटनमध्ये मेरीच्या नावावर सांगितली जाणारी अनेक वस्त्रे पुराव्याअभावी संशयास्पद ठरतात. तिच्या नावाची गुंफलेली अक्षरे असलेले तुकडेच निर्विवाद मानले जातात. या कामाचा सविस्तर अभ्यास मार्गारेट स्वेन यांनी १९७३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला.