अल्बर्ट लुथुली : मताचा अधिकार नसलेला लोकनेता



नागरिकशास्त्रात आपण शिकतो की जिथे ठरावीक काळाने निवडणुका होतात तिथे लोकशाही असते. आज एक वेगळा प्रश्न घेऊया. समजा एखाद्या देशात निवडणुका वेळेवर होतात, संसद भरते, न्यायालये चालतात, वर्तमानपत्रे निघतात. मग तिथे लोकशाही आहे असं तुम्ही म्हणाल का?

घाईने हो म्हणू नका. दक्षिण आफ्रिकेत १९४८, १९५३, १९५८ आणि १९६१ साली निवडणुका झाल्या. १९५१ च्या जनगणनेत या देशाची लोकसंख्या सुमारे १ कोटी २६ लाख होती. त्यापैकी कृष्णवर्णीय आफ्रिकी लोक सुमारे ८५ लाख, तर गोरे सुमारे २६ लाख. १९४८ साली संसदेच्या सभागृहात १५३ जागा होत्या. त्यातल्या फक्त ३ जागांवर कृष्णवर्णीयांचे प्रतिनिधी बसत, तेही एकट्या केप प्रांतातल्या मतदारांसाठी. आणि ते तिन्ही प्रतिनिधी गोरेच असले पाहिजेत असा नियम होता! पुढे १९५९ च्या कायद्याने त्या तीन जागाही काढून टाकल्या.

म्हणजे निवडणुका किती झाल्या हे मोजून भागत नाही. लोकांचा सहभाग मोजायचा तर असे प्रश्न विचारावे लागतात :

१. मत कोण देऊ शकतं आणि कोणाला ते नाकारलं आहे?
२. लोकांनी निवडलेल्या माणसाला खरोखर काही अधिकार असतात का?
३. सभा घेता येते का, संघटना करता येते का?
४. आपल्याच देशात मोकळेपणाने फिरता येतं का?
५. सरकारला न आवडणारं मत मांडल्यावर माणसाचं काय होतं?

ही पट्टी हातात घेऊन आपण एका माणसाचं आयुष्य पाहणार आहोत. त्यांचं नाव अल्बर्ट लुथुली. शांततेचा नोबेल पुरस्कार मिळवणारे ते पहिले आफ्रिकी. आणि आपल्यासाठी विशेष म्हणजे ते शिक्षक होते.

बालपण आणि शिक्षण

लुथुलींचा जन्म आजच्या झिम्बाब्वेतील बुलावायो शहराजवळच्या एका मिशन केंद्रात झाला. जन्माची नोंदच नव्हती, त्यामुळे मोठेपणी त्यांनी स्वतः हिशोब करून १८९८ हे साल ठरवलं. वडील मिशनमध्ये काम करत. अल्बर्ट अगदी तान्हे असतानाच ते वारले. पुढे आई मुलाला घेऊन दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांतात, ग्राउटव्हिल या मूळ गावी आली. तिथे काका मार्टिन लुथुली गावाचे प्रमुख होते. मुलगा त्यांच्या घरी राहून शाळेत जाऊ लागला आणि आई गोऱ्या कुटुंबांचे कपडे धुऊन त्याच्या शिक्षणाला हातभार लावत राहिली.

काही काळ ते डर्बनजवळच्या ओहलांगे येथील शाळेत शिकले. ही शाळा जॉन दुबे या आफ्रिकी नेत्याने काढली होती. हे नाव लक्षात ठेवा, शेवटी आपल्याला पुन्हा तिथे जायचं आहे. त्यानंतर एडनडेल येथे त्यांनी शिक्षकाचं प्रशिक्षण घेतलं आणि ब्लाउबॉश या ठिकाणी एका लहानशा शाळेचे मुख्याध्यापक झाले.

१९२० मध्ये उच्च प्रशिक्षणासाठी ते अ‍ॅडम्स कॉलेजात गेले आणि पुढे तिथेच शिकवू लागले. विद्यापीठात जाण्यासाठी शिष्यवृत्ती मिळत होती, पण थकलेल्या आईचा भार आता आपण उचलायचा म्हणून त्यांनी ती नाकारली. झुलू भाषा, संगीत आणि अध्यापनशास्त्र हे त्यांचे विषय. मुलांचं गायनवृंद बसवणं त्यांना फार आवडे. फुटबॉलचंही वेड होतं. १९२७ मध्ये शिक्षिका असलेल्या नोकुखान्या भेंगू यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९२८ मध्ये ते आफ्रिकी शिक्षक संघटनेचे सचिव आणि १९३३ मध्ये अध्यक्ष झाले.

गावाने निवडलेला प्रमुख

ग्राउटव्हिलची एक खास गोष्ट होती. बाकी बऱ्याच ठिकाणी प्रमुखपद वंशपरंपरेने येई, पण इथे गावकरी आपला प्रमुख निवडत. गावातल्या लोकांनी लुथुलींना बोलावणं पाठवलं. शिक्षकाच्या पगारापेक्षा प्रमुखाचा पगार कमी होता आणि शिकवण्याची गोडी होती. त्यामुळे निर्णय घ्यायला त्यांना बराच वेळ लागला. अखेर १९३५ मध्ये ते निवडून आले आणि १९३६ च्या सुरुवातीला काम हाती घेतलं. सुमारे ५ हजार लोकांची जबाबदारी त्यांच्यावर आली.

भांडणतंटे सोडवणं, जमिनीचे वाद मिटवणं, बैठका घेणं ही रोजची कामं. बैठकांत त्यांनी स्त्रियांनाही स्थान दिलं. या भागातले शेतकरी ऊस लावत. आपल्याकडे कोल्हापूर-सांगलीच्या माणसाला वेगळं सांगायला नको की ऊस लावला तरी तो कारखान्याने घेतला पाहिजे! लहान आफ्रिकी शेतकऱ्यांचं कोणी ऐकत नव्हतं, म्हणून लुथुलींनी ऊस उत्पादकांची संघटना उभी केली.

पण काम करता करता एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. गावातली गरिबी आळसामुळे नव्हती, जमीनच पुरत नव्हती. १९१३ च्या कायद्याने बहुसंख्य आफ्रिकी लोकांसाठी देशाची फक्त ७ टक्क्यांच्या आसपास जमीन राखली होती. १९३६ मध्ये ती मर्यादा सुमारे १३ टक्के झाली. गावप्रमुख कितीही चांगला असला तरी हा कायदा बदलणं त्याच्या हातात नव्हतं. तो जिथे बदलू शकला असता, त्या संसदेत त्याला मत नव्हतं.

१९३८ मध्ये मिशनऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेसाठी ते आपल्या भारतात, मद्रासजवळ तांबरम येथे येऊन गेले. पुढे नाताळमधल्या भारतीयांच्या संघटनेबरोबर त्यांनी खांद्याला खांदा लावून काम केलं.

अधिकार नसलेलं मंडळ

सरकारने आफ्रिकी लोकांसाठी एक प्रतिनिधी मंडळ नेमलं होतं. १९४६ मध्ये लुथुली त्यावर निवडून गेले. कागदावर पाहिलं तर हा सहभागच झाला, नाही का? पण मंडळाने फक्त सल्ला द्यायचा आणि सरकारने तो बाजूला ठेवायचा, अशी रीत होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सोन्याच्या खाणींतील हजारो आफ्रिकी कामगारांनी संप केला. पोलिसांनी तो बळाने मोडला, किमान ९ कामगार मेले. मंडळाच्या सदस्यांनी निषेध करून कामकाज बेमुदत तहकूब केलं. काही वर्षांत सरकारने ते मंडळच बरखास्त केलं. आता आपल्या यादीतला दुसरा प्रश्न पुन्हा वाचा.

प्रमुखपद गेलं, देशाचं नेतृत्व आलं

लुथुली आफ्रिकन नॅशनल काँग्रेसमध्ये आले होते आणि १९५१ मध्ये नाताळ शाखेचे अध्यक्ष झाले. २६ जून १९५२ रोजी अन्यायी कायद्यांविरुद्ध अहिंसक सत्याग्रह सुरू झाला. स्वयंसेवक मुद्दाम गोऱ्यांसाठी राखीव बाकांवर बसत, त्यांच्या दारातून आत जात आणि शांतपणे अटक करून घेत. ८ हजारांहून जास्त लोक तुरुंगात गेले. काँग्रेसची सभासदसंख्या एक लाखाच्या आसपास पोहोचली. ज्यांना मतपेटी बंद होती, त्यांचा सहभाग मोजायचा असेल तर तो असा मोजावा लागतो.

सरकारने लुथुलींना प्रिटोरियाला बोलावून सांगितलं की काँग्रेस सोडा, नाहीतर प्रमुखपद सोडा. त्यांनी दोन्ही सोडायला नकार दिला. प्रमुख हा आधी लोकांचा असतो, ही त्यांची भूमिका होती. नोव्हेंबर १९५२ मध्ये सरकारने त्यांना पदावरून काढलं. गावाने निवडलं आणि सरकारने काढलं! पण पुढच्याच महिन्यात काँग्रेसने त्यांना संपूर्ण देशाचा अध्यक्ष म्हणून निवडलं.

त्यानंतर बंदी हुकूम सुरू झाले. सभेला जायचं नाही, शहरात यायचं नाही, ठरलेला भाग सोडायचा नाही. डिसेंबर १९५६ मध्ये देशद्रोहाच्या आरोपाखाली १५६ जणांना अटक झाली, त्यात लुथुलीही होते. साधारण वर्षभराने त्यांच्यावरील आरोप मागे घेतले गेले. १९५९ मध्ये पाच वर्षांसाठी त्यांना घराच्या परिसरातच जखडून ठेवण्याचा हुकूम निघाला.

पासची होळी आणि नोबेल

आफ्रिकी माणसाला आपल्याच देशात फिरताना पास बाळगावा लागे. पास नसेल तर थेट कोठडी. २१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिल येथे पासविरोधी निदर्शकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि ६९ माणसं मेली. पाच दिवसांनी लुथुलींनी प्रिटोरियात स्वतःचा पास जाळला. मृतांसाठी लोकांनी २८ मार्चला कामावर न जाता शोकदिन पाळावा, असं त्यांनी आवाहन केलं. त्यांना अटक झाली. ८ एप्रिलला काँग्रेसवरच बंदी आली.

१९६० सालचा शांततेचा नोबेल पुरस्कार त्यांना जाहीर झाला आणि १० डिसेंबर १९६१ रोजी ऑस्लो येथे त्यांनी तो स्वीकारला. सरकारने नाखुशीनेच परवानगी दिली, तीही फक्त दहा दिवसांची. जगाने ज्याचा सन्मान केला, तो माणूस परत आला आणि पुन्हा आपल्या गावातच अडकला. १९६२ मध्ये ग्लासगो विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी त्यांना मानद रेक्टर म्हणून निवडलं, पण ते तिथे जाऊ शकले नाहीत. त्यांचं बोलणं देशात छापायलाही बंदी झाली. १९६४ मध्ये हुकूम आणखी पाच वर्षांनी वाढला.

शेवट आणि त्यानंतर

२१ जुलै १९६७ रोजी घराजवळच्या रेल्वे पुलापाशी लुथुली जखमी अवस्थेत सापडले आणि त्याच दिवशी त्यांचं निधन झालं. आगगाडीची धडक बसून अपघात झाला, असं त्या वर्षीच्या चौकशीत ठरवलं गेलं. कुटुंबाला ते कधी पटलं नाही. तब्बल ५८ वर्षांनी, २०२५ मध्ये पीटरमॅरिट्झबर्गच्या उच्च न्यायालयाने तो जुना निष्कर्ष रद्द केला आणि त्यांचा मृत्यू मारहाणीमुळे झाला असा निर्णय दिला.

आता ओहलांगेला परत जाऊ. २७ एप्रिल १९९४ रोजी दक्षिण आफ्रिकेत पहिल्यांदा सर्व वर्णांच्या प्रौढ नागरिकांनी एकत्र मतदान केलं. जवळजवळ दोन कोटी मतं पडली. नेल्सन मंडेला यांनी आयुष्यातलं पहिलं मत ओहलांगेच्या शाळेतच दिलं. लुथुलींना जाऊन तेव्हा २७ वर्षं झाली होती. नोकुखान्या मात्र तो दिवस पाहायला हयात होत्या.

मित्रांनो, लुथुलींना गावाने निवडलं, संघटनेने निवडलं, परदेशातल्या विद्यार्थ्यांनीही निवडलं. पण स्वतःच्या देशाचं सरकार निवडायला त्यांना कधीच मिळालं नाही. म्हणून कोणत्याही देशाबद्दल वाचताना निवडणूक झाली का, एवढंच विचारून थांबू नका. कोण बाहेर राहिलं, हेही विचारा.

विचार करा आणि लिहा

१. लुथुलींनी शिक्षकाची नोकरी सोडून प्रमुखपद स्वीकारलं. तुम्ही त्यांच्या जागी असता तर काय केलं असतं?
२. वरील पाच प्रश्नांची उत्तरे १९६० च्या दक्षिण आफ्रिकेसाठी एकेका वाक्यात लिहा.
३. तुमच्या गावच्या मागच्या ग्रामसभेला किती जण आले होते? त्यात स्त्रिया किती आणि बोलल्या किती? घरी विचारून नोंद करा.