विश्लेषण : जुन्या माइकच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये कोणता धातू असतो? ‘परमॅलॉय’ शोधणारे गुस्ताव एल्मेन कोण होते?

जुलै २०२१च्या महापुरात सावित्री आणि गांधारीचे पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरले. अशा पुरात भिजलेले जुने माइक आणि अॅम्प्लिफायर अनेकदा वजनावर भंगारात जातात. मात्र जुन्या माइकमधला बोटाच्या पेराएवढा ट्रान्सफॉर्मर साध्या लोखंडाचा असेलच असे नाही. त्यातील मिश्रधातूमागे एका स्वीडिश-अमेरिकी संशोधकाची अनेक वर्षांची मेहनत आहे.

एल्मेन कोण होते?

गुस्ताव एल्मेन यांचा जन्म १८७६ मध्ये स्टॉकहोमला झाला. १८९३ मध्ये, वयाची सतरा वर्षेही पुरी झाली नव्हती तेव्हा, ते अमेरिकेला गेले. नेब्रास्का विद्यापीठातून त्यांनी १९०२ मध्ये पदवी आणि १९०४ मध्ये पदव्युत्तर पदवी घेतली. दोन वर्षे जनरल इलेक्ट्रिकमध्ये काढून १९०६ मध्ये ते वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत आले. याच कंपनीच्या संशोधन विभागातून १९२५ मध्ये बेल प्रयोगशाळा उभी राहिली आणि एल्मेन निवृत्तीपर्यंत तिथेच राहिले.

परमॅलॉयचा शोध कसा लागला?

लांब पल्ल्याच्या तारांतून जाताना टेलिफोनचा आवाज क्षीण होई. विद्युतप्रवाह इतका नाजूक असे, की साध्या लोखंडात तो पुरेसे चुंबकत्व जागवू शकत नसे. एल्मेन यांनी लोखंड आणि निकेल वेगवेगळ्या प्रमाणांत मिसळून तपासायला सुरुवात केली. सुमारे ७८ टक्के निकेल आणि २२ टक्के लोखंड या मिश्रणाने कमाल केली. क्षीण प्रवाहातली त्याची चुंबकीय पारगम्यता, म्हणजे चुंबकत्व वाहून नेण्याची क्षमता, उत्तम मऊ लोखंडाच्या तीस पटींहून अधिक भरली. एल्मेन आणि त्यांचे सहकारी हॅरोल्ड अर्नोल्ड यांनी १९२३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

यातली खरी मेख मात्र प्रमाणात नव्हती. तेच मिश्रण भट्टीतून काढून सावकाश थंड केले तर गुण उतरत. आधी सुमारे ९०० अंश सेल्सिअसला तापवून हळू थंड करायचे, मग पुन्हा ६०० अंशांपर्यंत नेऊन झटकन थंड करायचे, तेव्हा ते खुले. धातू कोणता, याइतकेच तो कसा तापवला आणि निववला, यालाही महत्त्व आहे, हे एल्मेन यांच्या कामाने दाखवून दिले.

त्याचा उपयोग कुठे झाला?

१९२४ मध्ये न्यूयॉर्क ते अझोर्स बेटांदरम्यान टाकलेल्या समुद्री तारेत तांब्याच्या वाहकाभोवती परमॅलॉयची पट्टी गुंडाळली होती. संदेश पूर्वीच्या तारांपेक्षा कित्येक पट वेगाने जाऊ लागले. १९२३ मध्येच लंडनमध्ये स्मिथ आणि गार्नेट यांनी निकेल-लोखंडात तांबे मिसळून ‘म्यू-मेटल’ बनवला. एल्मेन यांना १९२८ मध्ये फ्रँकलिन इन्स्टिट्यूटचे इलियट क्रेसन पदक मिळाले. १९४१ मध्ये ते निवृत्त झाले, पण लगेच अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत चुंबकीय पदार्थांवर काम करू लागले. १९५७ मध्ये त्यांचे निधन झाले.

माइकला हाच धातू का लागतो?

माइकमधून निघणारा विद्युतदाब हजारांश व्होल्टच्या आसपास असतो. इतक्या कमी दाबावर साधे सिलिकॉन स्टील पुरेसा प्रतिसाद देत नाही आणि खर्जाचा आवाज पातळ पडतो. तारेचे वेढे वाढवले तर रोध वाढतो, खरखरही वाढते. पॉवर ट्रान्सफॉर्मरला मात्र सिलिकॉन स्टीलच योग्य. ते सुमारे दोन टेस्लापर्यंत चुंबकत्व पेलते, तर ८० टक्के निकेलचा मिश्रधातू पाऊण टेस्लाच्या आसपासच थकतो.

धातू ओळखायचा कसा?

चुंबक लावून उपयोग नाही, दोन्ही चिकटतात. निकेलच्या पत्र्या, म्हणजे स्टॅम्पिंग, बहुधा चकचकीत रुपेरी दिसतात, सिलिकॉन स्टीलच्या काळपट राखाडी. पुरात भिजलेल्या पत्र्यांवर लाल गंज चढला असेल तर धातू बहुधा स्टील. एखादी पत्री सुटी असेल तर घनता मोजावी. दर घनसेंटिमीटरला सिलिकॉन स्टील सुमारे ७.६ ग्रॅम भरते, ५० टक्के निकेलचा मिश्रधातू ८.२ आणि ८० टक्क्यांचा ८.७ ग्रॅम. नेमके उत्तर एक्स-किरण फ्लुरोसन्स तपासणीत मिळते. सोन्याचा कस पाहणाऱ्या यंत्राचे तत्त्व हेच. मात्र तपासणी गाभ्याची हवी. बाहेरचे डबीसारखे आवरण अनेकदा म्यू-मेटलचे असते आणि आतला गाभा वेगळाच निघू शकतो.

काय टाळावे?

निकेलचा गाभा ठोकू, वाकवू किंवा आपटू नये. रासायनिक घटक तेच राहतात, पण भट्टीत मिळालेला गुण जातो. तो परत आणायला हायड्रोजनच्या भट्टीत हजार अंशांच्या वर तापवावे लागते. मल्टिमीटरच्या ओहम पट्ट्यावर वाइंडिंग तपासतानाही एकदिश प्रवाहाने गाभ्यात चुंबकत्व साठू शकते. इंडक्टन्स अगदी कमी दाबाच्या एलसीआर मीटरवर मोजावा आणि तशाच चांगल्या ट्रान्सफॉर्मरशी ताडून पाहावा. आकडा बराच कमी आला तर धातू योग्य असूनही गाभा बिघडलेला असू शकतो.

महाडच्या बाजारात किंवा पोलादपूरच्या एखाद्या देवळाच्या कोठीत जुना माइक सापडला, तर तार तुटली म्हणून तो मोडीत काढू नये. गाभा शाबूत असेल तर वाइंडिंग नव्याने करता येते. पोलादाच्या भावात निकेल विकले गेले, तर तो गाभा मात्र परत मिळत नाही.