धर्मानंद कोसंबी

नाशिकजवळील पांडवलेण्यांत आपण सहलीस जातो. परंतु तेथे राहणारे बौद्ध भिक्षू कोणत्या तत्त्वासाठी घरदार सोडून आले, हे थोड्यांसच ठाऊक असते. तृष्णा हे दुःखाचे मूळ, हे ते तत्त्व. ते मराठीत सुबोध करणाऱ्या पुरुषाचे चरित्र आम्ही थोडक्यात देत आहो.

धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १८७६ साली गोव्यातील साखवाळ गावी झाला. 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकात बुद्धचरित्र वाचून त्यांस बुद्धाचा ध्यास लागला. १८९९ साली पत्नी व लहान मुलगी यांस मागे ठेवून ते निघाले. पुणे, काशी, नेपाळ करीत ते सिंहलद्वीपास पोहोचले आणि तेथे १९०२ साली दीक्षा घेऊन पाली शिकले.

ही ज्ञानाची ओढ तृष्णाच नव्हे काय? घरच्यांनी सोसलेले दुःख पाहता हा प्रश्न आम्हांस टाळता येत नाही. बौद्ध शास्त्र येथे भेद करते. भोगाची, जगण्याची वा नाशाची हाव ती तृष्णा. ती मिळाल्याने वाढते. सत्कार्याची इच्छा तो छंद. कार्य होताच तो शमतो.

कोसंबींनी कलकत्त्याची प्राध्यापकी सोडून, सयाजीराव महाराजांनी देऊ केलेल्या दरमहा ५० रुपयांत महाराष्ट्रात राहून ग्रंथलेखन पत्करले. पुढे अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठातही ते गेले, परंतु परत आले. ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे त्यांनी देह ठेवला.

विद्यार्थ्यांनो, आपली इच्छा कोणत्या जातीची, हे आपण प्रत्येकाने पारखावे.