शाळेत पुस्तकासोबत उद्योग शिकवणारे तळेगावचे अण्णासाहेब विजापूरकर कोण होते?

आठवड्यातून एकदा येणारा कार्यानुभवाचा तास आठवतो? राख्या, कागदी फुलं, खडू. कित्येकदा तोही तास गणिताचे सर मागून घ्यायचे. पण मावळातल्या तळेगाव दाभाडे इथे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी अशी एक शाळा होती, जिथे उद्योगशिक्षण हा विरंगुळा नव्हता, तर शिक्षणाचाच भाग होता. ही शाळा म्हणजे समर्थ विद्यालय आणि तिचे संस्थापक प्रा. विष्णु गोविंद ऊर्फ अण्णासाहेब विजापूरकर.

कोण होते विजापूरकर?

जन्म १८६३ चा, कोल्हापूरचा. राजाराम कॉलेजात ते संस्कृतचे प्राध्यापक होते. मराठीतून ज्ञान मिळावं म्हणून त्यांनी १८९४ मध्ये 'ग्रंथमाला' मासिक सुरू केलं. पुढे 'विश्ववृत्त' मासिकही काढलं. ते लोकमान्य टिळकांचे निकटचे सहकारी होते.

शाळा वेगळी कशी होती?

१९०५ मध्ये बंगालची फाळणी झाली आणि स्वदेशी, बहिष्कारासोबत राष्ट्रीय शिक्षणाची मागणी पुढे आली. सरकारी पठडीतल्या शाळा प्रामुख्याने कारकून घडवतात, हा त्यामागचा आक्षेप होता. समर्थ विद्यालय कोल्हापुरात सुरू झालं आणि पुढे तळेगावात आलं. मराठीतून शिक्षण, धर्मशिक्षण, व्यायाम आणि उद्योग ही त्याची वैशिष्ट्यं होती.

याच तळेगावात १९०८ मध्ये पैसाफंड काच कारखाना उभा राहिला. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा गोळा करून निधी जमवला होता. वाळू, सोडा आणि चुना भट्टीत वितळवायचा, तो रस पोकळ नळीच्या टोकावर घ्यायचा आणि फुंकून आकार द्यायचा, हे काम वाचून येत नाही. फुंकर किती जोरात आणि नळी किती वेगाने फिरवायची, हे हातालाच शिकावं लागतं. त्यामुळे हा कारखाना कारागीर घडवणारी शाळाही ठरला.

मग विद्यालय बंद का पडलं?

कारण राजकीय होतं. १९०८ मध्ये 'विश्ववृत्त'मध्ये पं. श्रीपाद दामोदर सातवळेकर यांचा वैदिक प्रार्थनांवरचा लेख छापून आला. सरकारने तो राजद्रोही ठरवला. संपादक विजापूरकरांना ३ वर्षांची शिक्षा झाली. विद्यालयात शिकवणारे, पुढे कादंबरीकार म्हणून गाजलेले वामन मल्हार जोशी यांनाही तुरुंगात जावं लागलं. संस्थापक तुरुंगात असतानाच १९१० मध्ये सरकारने विद्यालय बंद केलं.

सुटकेनंतर विजापूरकर गप्प बसले नाहीत. तळेगावात नवीन समर्थ विद्यालय उभं राहिलं. १९२६ मध्ये त्यांचं निधन झालं. शाळेचं नाव तळेगावात आजही आहे.

आज याचा संबंध काय?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावीपासून व्यावसायिक शिक्षणाची ओळख करून देण्याची शिफारस आहे. सहावी ते आठवीच्या मुलांनी १० दिवस दप्तराविना सुतारकाम, बागकाम, मातीकाम यांसारखी कामं स्थानिक कारागिरांकडून शिकावीत, असंही त्यात म्हटलं आहे. कल्पना नवी नाही. प्रश्न वेळापत्रकाचा आहे. विजापूरकरांनी उद्योगाला रोजच्या शिक्षणात जागा दिली होती. ती १० दिवसांत मावेल का, हे शाळांनाच ठरवावं लागेल.