खेळाडू वॉल्टर टल

(सुमारे शंभर वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये होऊन गेलेल्या एका फुटबॉलपटूची ही जीवनकथा आहे. रंगावरून झालेला अपमान सहन करूनही त्याने आपला खेळ आणि आपली माणुसकी कशी जपली, ते या पाठात सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, शाळाशाळांमधले सामने तुम्ही पाहिले असतील. आपला संघ खेळत असला की आपण मैदानाच्या कडेला उभे राहतो, टाळ्या वाजवतो, खेळाडूंची नावे घेऊन ओरडतो. त्यामुळे खेळाडूंना हुरूप येतो. पण कधी कधी याच गर्दीतून कुणीतरी समोरच्या संघातील एखाद्या मुलाच्या रंगावरून, जातीवरून, धर्मावरून किंवा भाषेवरून वाईट शब्द उच्चारतो. शेजारचे हसतात. मग तेही ओरडू लागतात. त्या वेळी त्या मुलाला काय वाटत असेल, याचा विचार तुम्ही कधी केला आहे का? वॉल्टर टलची गोष्ट वाचा, म्हणजे तुम्हांला ते कळेल.

वॉल्टरचा जन्म २८ एप्रिल १८८८ रोजी इंग्लंडमधील फोकस्टन या समुद्रकाठच्या गावी झाला. त्याचे वडील डॅनियल हे सुतार होते. ते वेस्ट इंडिजमधील बार्बाडोस बेटावरून इंग्लंडला आले होते. वॉल्टरचे आजोबा त्या बेटावर गुलाम होते. वॉल्टरची आई मात्र इंग्लंडमधीलच, केंट परगण्यातील होती. घर गरीब होते, पण आनंदी होते.

हा आनंद फार दिवस टिकला नाही. वॉल्टर सात वर्षांचा असताना त्याची आई वारली. वडिलांनी दुसरे लग्न केले. सावत्र आई मुलांना प्रेमाने सांभाळत होती. पण १८९७ साली वडीलही वारले. एवढ्या मुलांचे पोट एकटीने कसे भरावे, असा प्रश्न त्या माउलीपुढे उभा राहिला. अखेर १८९८ साली वॉल्टर आणि त्याचा मोठा भाऊ एडवर्ड यांना लंडनच्या एका अनाथाश्रमात पाठवावे लागले. तेव्हा वॉल्टर जेमतेम नऊ वर्षांचा होता.

दोन्ही भाऊ एकमेकांच्या आधाराने राहू लागले. पण पुढे ग्लासगो शहरातील एका कुटुंबाने एडवर्डला दत्तक घेतले आणि भावाभावांची ताटातूट झाली. एडवर्ड शिकून दंतवैद्य झाला. वॉल्टर आश्रमातच राहिला. तो छापखान्याचे काम शिकला आणि आश्रमाच्या संघातून फुटबॉल खेळू लागला.

मुलांनो, ज्याला आईवडील नाहीत, भाऊ दूर आहे, त्याला मैदान किती जवळचे वाटले असेल! चेंडू समोर आला की वॉल्टर सारे दुःख विसरे. १९०८ साली क्लॅप्टन या हौशी संघाने त्याला घेतले. त्याच हंगामात त्या संघाने हौशी खेळाडूंच्या मोठ्या स्पर्धा जिंकल्या. १९०९ साली टॉटनहॅम हॉटस्पर या लंडनच्या नावाजलेल्या क्लबाने त्याला बोलावले. या क्लबाबरोबर तो अर्जेंटिना आणि उरुग्वेच्या दौऱ्यावरही गेला. परत आल्यावर सप्टेंबर महिन्यात तो इंग्लंडच्या पहिल्या श्रेणीच्या सामन्यात उतरला. त्या काळी या श्रेणीत कृष्णवर्णीय खेळाडू जवळजवळ दिसतच नसत. अनाथाश्रमातला मुलगा हजारो प्रेक्षकांसमोर खेळू लागला. वर्तमानपत्रे त्याची स्तुती करू लागली.

पुढच्याच महिन्यात तो दिवस आला. ऑक्टोबर १९०९ मध्ये टॉटनहॅमचा सामना ब्रिस्टल शहरात, तेथील ब्रिस्टल सिटी संघाशी होता. वॉल्टर खेळू लागला आणि प्रेक्षकांच्या एका गटाने ओरडायला सुरुवात केली. त्यांनी त्याच्या खेळाला नावे ठेवली नाहीत. त्याच्या खेळात नावे ठेवण्यासारखे काही नव्हतेच. त्यांनी त्याच्या कातडीच्या रंगावरून घाणेरड्या शिव्या दिल्या. चेंडू त्याच्या पायाशी आला की आरडाओरड होई.

वॉल्टरने काय केले? त्याने उलट शिवी दिली नाही. कुणाला लाथ मारली नाही. तो खेळत राहिला. सामना पाहणाऱ्या एका वार्ताहराने दुसरे काम केले. तो गप्प बसला नाही. जे ऐकले ते त्याने आपल्या वर्तमानपत्रात छापले. शिव्या देणाऱ्यांची त्याने कडक शब्दांत निंदा केली, आणि मैदानावरचा सर्वांत चांगला आघाडीचा खेळाडू वॉल्टरच होता, असेही लिहिले.

पण या घटनेनंतर काय झाले पाहा. शिव्या देणारे आपापल्या घरी गेले. त्यांना कुणी काही विचारले नाही. वॉल्टरला मात्र लवकरच पहिल्या संघातून काढून राखीव संघात टाकण्यात आले. टॉटनहॅमच्या पहिल्या संघाकडून तो लीगचे फक्त दहा सामने खेळू शकला. काही अभ्यासकांच्या मते, प्रेक्षकांचा गोंधळ पुन्हा नको म्हणून क्लबाने असे केले असावे. असे असेल तर गुन्हा एकाचा आणि शिक्षा दुसऱ्यालाच झाली. अपमान करणाऱ्याला मोकळे सोडले, की बहुधा असेच होते.

१९११ साली नॉर्दम्प्टन टाउन या क्लबाने वॉल्टरला घेतले. हर्बर्ट चॅपमन हे तेथील व्यवस्थापक होते. ते माणूस खेळावरून ओळखत, रंगावरून नव्हे. येथे वॉल्टर शंभराहून अधिक सामने खेळला. ज्याला एका मैदानावर शिव्या मिळाल्या होत्या, त्याला दुसऱ्या मैदानावर लोक डोक्यावर घेऊ लागले.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. वॉल्टरने खेळ सोडला आणि तो सैन्यात भरती झाला. फुटबॉल खेळाडूंची एक वेगळी पलटण उभारली होती, तिच्यात तो गेला. तोफांच्या सततच्या माऱ्याने १९१६ साली तो आजारी पडला. पण बरा होऊन पुन्हा आघाडीवर गेला. त्याची हुशारी पाहून वरिष्ठांनी त्याला अधिकारी करण्याचे ठरवले. खरे तर शुद्ध युरोपीय वंशाच्या माणसालाच अधिकारी करावे, असा तेव्हा लष्कराचा नियम होता. तरीही मे १९१७ मध्ये वॉल्टर सेकंड लेफ्टनंट झाला. ब्रिटिश सैन्यातील अगदी पहिल्या कृष्णवर्णीय अधिकाऱ्यांपैकी तो एक होता. आता गोरे शिपाई त्याचा हुकूम मानू लागले.

१९१८ च्या सुरुवातीला इटलीत पियावे नदीजवळ लढाई चालू होती. वॉल्टर २६ शिपायांना घेऊन रात्री नदी ओलांडून शत्रूच्या हद्दीत शिरला आणि सर्वांना सुखरूप परत घेऊन आला. त्याच्या धैर्याची आणि शांतपणाची त्याच्या सेनापतीने लेखी प्रशंसा केली. ब्रिस्टलच्या मैदानावर शिव्या ऐकताना जो शांतपणा त्याने राखला होता, तोच येथे कामी आला.

त्यानंतर त्याची पलटण फ्रान्सला गेली. २५ मार्च १९१८ रोजी जर्मन फौजांनी जोराचा हल्ला केला. त्यात वॉल्टरला गोळी लागली आणि तो धारातीर्थी पडला. त्याचे वय अवघे २९ वर्षांचे होते. त्याच्या शिपायांनी गोळ्यांच्या वर्षावात त्याचा देह परत आणण्याचा प्रयत्न केला. त्यांत एक जुना गोलरक्षकही होता. पण त्यांना यश आले नाही. वॉल्टरला कबर मिळाली नाही. फ्रान्समध्ये आरास येथील स्मारकाच्या भिंतीवर त्याचे नाव कोरलेले आहे. भाऊ गेल्याची बातमी दूर स्कॉटलंडमध्ये एडवर्डला कळवण्यात आली.

वॉल्टर गेला, पण मैदानावरच्या शिव्या संपल्या नाहीत. त्यानंतर साठ-सत्तर वर्षांनीही इंग्लंडच्या मैदानांवर कृष्णवर्णीय खेळाडूंना पाहून काही प्रेक्षक माकडासारखे आवाज काढत, त्यांच्या अंगावर केळी फेकत. शेवटी १९९१ साली तेथे कायदा झाला. सामन्यात वंशावरून किंवा रंगावरून अपमानकारक घोषणा देणे हा गुन्हा ठरला. मात्र या कायद्यात एक उणीव होती. दोघे किंवा अधिक जण मिळून ओरडले तरच तो गुन्हा होई; एकटा माणूस सुटून जाई. १९९९ साली कायदा सुधारला आणि एकट्यालाही शिक्षा होऊ लागली. दरम्यान १९९३ साली खेळाडूंच्या संघटनेने आणि वंशसमानतेसाठी काम करणाऱ्या आयोगाने फुटबॉलमधून वर्णद्वेष घालवण्याची मोहीम सुरू केली. १९९९ सालीच नॉर्दम्प्टनच्या मैदानाजवळ वॉल्टरचे स्मारक उभे राहिले.

मित्रांनो, गर्दीत ओरडणाऱ्याला वाटते, आपल्याला कोण ओळखणार? हजारांत आपला एक आवाज. पण ज्याच्यासाठी ती शिवी असते, त्याच्या काळजात ती जाऊन बसते. तुम्ही मैदानात असाल तर वॉल्टरसारखे खेळा. मैदानाच्या कडेला असाल तर त्या वार्ताहरासारखे वागा. शेजारचा ओरडला तर त्याला साथ देऊ नका, हसू नका. त्याला थांबवा, आपल्या शिक्षकांना सांगा. कारण गर्दी म्हणजे दुसरे तिसरे कुणी नसते. गर्दी म्हणजे तुम्ही आणि मीच.

शब्दार्थ
हुरूप – उत्साह
ताटातूट होणे – एकमेकांपासून दूर होणे
दंतवैद्य – दातांचा डॉक्टर
हौशी – पैशासाठी नव्हे, आवडीसाठी खेळणारा
वार्ताहर – बातमीदार
डोक्यावर घेणे – खूप कौतुक करणे
धारातीर्थी पडणे – लढाईत मरण येणे

स्वाध्याय
प्रश्न १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) वॉल्टरचे वडील कोणता व्यवसाय करत?
(आ) वॉल्टर आणि एडवर्ड यांना अनाथाश्रमात का जावे लागले?
(इ) १९९१ च्या कायद्यात कोणती उणीव होती?

प्रश्न २. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) ब्रिस्टलच्या सामन्यात काय घडले?
(आ) गुन्हा एकाचा आणि शिक्षा दुसऱ्याला, असे लेखकाला का वाटते?

प्रश्न ३. वाक्यांत उपयोग करा.
हुरूप येणे, गप्प बसणे, सुखरूप परत येणे.

उपक्रम : आपल्या शाळेच्या सामन्यात प्रेक्षकांनी कसे वागावे, याचे पाच नियम वर्गात चर्चा करून लिहा आणि फलकावर लावा.