गुस्टाफ मालर

गुस्टाफ मालर (७ जुलै, १८६० – १८ मे, १९११) हे ऑस्ट्रियन संगीतरचनाकार व वाद्यवृंद-संचालक होते. बोहेमियातील कालिश्टे या खेड्यात एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. चौदा भावंडांतील ते दुसरे. त्यांपैकी कित्येक बालपणीच दगावली. १८९७ ते १९०७ या काळात ते व्हिएन्नाच्या दरबारी ऑपेराचे संचालक होते. त्या पदासाठी त्यांना ख्रिस्ती धर्म स्वीकारावा लागला.

अखेरचा आजार

१९०७ च्या उन्हाळ्यात त्यांची थोरली कन्या मारिया वारली. त्यानंतर थोड्याच दिवसांत झालेल्या तपासणीत मालर यांच्या हृदयाच्या झडपेत दोष आढळला. पुत्रीशोकाने त्यांचा बळी घेतला, असे भावुकपणे सांगितले जाते. ते खरे नव्हे. सदोष झडपेसह त्यांनी न्यूयॉर्कमध्ये संचालन केले आणि नववी सिंफनी पूर्ण केली. घात केला तो जंतूंनी.

घशाचे दुखणे त्यांना वर्षानुवर्षे होते. २१ फेब्रुवारी, १९११ रोजी अंगात ताप असतानाच त्यांनी कार्नेगी हॉलमधील मैफल पार पाडली; ती त्यांची शेवटची ठरली. माउंट सिनाई रुग्णालयाचे डॉ. इमॅन्युएल लिबमन यांनी रक्ताची जंतुपरीक्षा करविली. त्यात स्ट्रेप्टोकॉकस विरिडन्स हे जंतू सापडले. हे जंतू निरोगी माणसाच्याही तोंडात व घशात असतात आणि सहसा उपद्रव देत नाहीत. मात्र ते रक्तात उतरले आणि झडप आधीच खराब असली, तर तिच्यावर ठाण मांडतात. या रोगास एंडोकार्डायटिस म्हणतात. त्यावर तेव्हा औषध नव्हते. पेनिसिलिनचा उपयोग १९४० च्या दशकात सुरू झाला.

दात काढताना हेच जंतू रक्तात शिरतात, हे ओकेल व एलियट यांनी १९३५ मध्ये दाखवून दिले. १९५५ पासून अमेरिकन हार्ट असोसिएशनने सदोष हृदयाच्या रुग्णांना दंतोपचारापूर्वी प्रतिजैविक देण्याची शिफारस केली. २००७ मध्ये ती कृत्रिम झडप बसवलेले, पूर्वी हा रोग होऊन गेलेले अशा सर्वाधिक धोक्याच्या रुग्णांपुरती मर्यादित करण्यात आली, कारण घास चावताना व दात घासतानाही जंतू रक्तात जातच असतात. हिरड्या निरोगी राखणे त्यामुळे अधिक महत्त्वाचे मानले जाते. मालर यांच्या बाबतीत संशय दाताकडे नव्हे, घशाकडे जातो.

पॅरिसमधील उपचारही निष्फळ ठरल्यावर त्यांना व्हिएन्नाला आणण्यात आले. तेथेच त्यांचे निधन झाले. ग्रिन्झिंग येथील दफनभूमीत मारियाच्या कबरीतच त्यांना पुरण्यात आले. दहावी सिंफनी अपूर्ण राहिली.